कुलूप-किल्लीची उपमा आता मोडीत काढावी का? (पेशीवरचे जीपीसीआर ग्राही आणि एका मुलीचा प्रश्न)

घटप्रभाकाठ
नमस्कार. मी हुक्केरी तालुक्यातील एका पदवीपूर्व महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातील बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली आहेत आणि पीयूसीला आल्यावर इंग्रजी पाठ्यपुस्तक त्यांच्या अंगावर एकदम येते, म्हणून मी त्यांच्यासाठी मराठीत टिपणे काढून देते. गेल्या आठवड्यात पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींचे, म्हणजे बाहेरचा निरोप घेणाऱ्या प्रथिनांचे, टिपण केले. त्यातही जी-प्रथिनाशी (पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनाशी) जोडलेल्या ग्राहींवर, म्हणजे सगळे ज्यांना जीपीसीआर म्हणतात त्यांच्यावर, मी अधिक लिहिले; कारण माणसाच्या जनुकसंचात या एकाच कुळाची सुमारे ८०० जनुके आहेत आणि आज वापरात असलेल्या औषधांपैकी जवळजवळ एक तृतीयांश औषधे याच कुळावर काम करतात.

टिपणात मी नेहमीचीच उपमा दिली होती: ग्राही म्हणजे कुलूप आणि संप्रेरक म्हणजे किल्ली. पुढे लिहिले होते की काही औषधे त्याच जागी बसून कुलूप अडवून ठेवतात. त्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, ती गोळीसुद्धा त्याच भोकात नीट बसते ना? मग तिने कुलूप उघडत का नाही?" मी काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही.

म्हणून दोन गोष्टी विचारते. या मुलांना समजेल अशी दुसरी कोणती उपमा आहे? आणि संशोधक या कुळाच्या एवढे मागे का लागलेले असतात, हे साध्या मराठीत कोणी सांगेल का?

तिसरे गेट
आमच्या शेजाऱ्यांची किल्ली आमच्या कुलपात व्यवस्थित बसते, पण फिरत नाही, आणि ती आत असेपर्यंत आमचीही किल्ली घालता येत नाही. तुमच्या विद्यार्थिनीला आमच्या गल्लीत पाठवा.

निपाणीचा औषधवाला
ताई, पहिली विनंती अशी की 'ग्राही' हाच शब्द कायम ठेवा. जुन्या भाषांतरांत कुठे कुठे 'ग्राहक' असे वाचले आहे, आणि तीस वर्षे दुकान चालवल्यामुळे ग्राहक म्हटले की मला फक्त उधारीची वही आठवते.

आता माझ्या फडताळाकडे पाहून सांगतो. रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल, सर्दीची सेटिरिझिन, आम्लपित्ताची फॅमोटिडिन, दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल, रात्री घ्यायची माँटेलुकास्ट, हृदयरुग्णांची क्लोपिडोग्रेल, शस्त्रक्रियेनंतर देतात ते मॉर्फिन, आणि हल्ली ज्याची सगळीकडे चौकशी होते ते सेमाग्लुटाइड. यांच्यापैकी प्रत्येकाचा ग्राही वेगळा आहे, पण कूळ एकच आहे. सकाळी दुकान उघडल्यापासून दुपारपर्यंत मी बहुधा याच कुळाची औषधे देत असतो.

तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाशी जोडलेला एक अनुभव सांगतो. तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेल्या एक मावशी माझ्याकडून पंप नेत असत. एकदा त्या आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, ह्या वेळचा पंप रिकामा दिलास. चार-चार वेळा ओढला तरी दम बसत नाही." पंप भरलेला होता. चौकशी केली तेव्हा कळले की हात थरथरतात म्हणून दुसरीकडे कोणीतरी त्यांना प्रोप्रानोलॉल सुरू करून दिले होते, आणि दम्याविषयी त्यांना कोणी विचारलेच नव्हते. प्रोप्रानोलॉल हे हृदयावरच्या बीटा-१ ग्राहींवर बसते तसेच श्वासनलिकांवरच्या बीटा-२ ग्राहींवरही बसते. साल्ब्युटामॉलला जिथे बसायचे होते ती जागा आधीच अडलेली होती. मी त्यांच्या दम्याच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि त्यांनी ती गोळी बंद केली. जागा अडवणे म्हणजे काय, हे मी त्या दिवशी मावशींच्या मानेच्या ताणलेल्या शिरांवर पाहिले.

संकेश्वरी
मी शास्त्राची नाही, पण मिरचीच्या गावची आहे. आमच्या मिरचीने जीभ भाजते तेही याच ग्राहींमुळे का? मध्यंतरी मिरचीच्या संशोधनाला नोबेल मिळाल्याचे वाचले होते.

मलप्रभा उगम
संकेश्वरीताई, नोबेलचे बरोबर आहे. २०२१ साली डेव्हिड ज्युलियस यांना मिळाले त्यात मिरचीतल्या तिखट कॅप्सेसिनचा मोठा वाटा होता. परंतु मिरचीचा ग्राही या कुळातला नाही. तो आयनांची वाट उघडणारा मार्ग आहे: कॅप्सेसिन बसले की त्याच प्रथिनातली फट उघडते आणि कॅल्शियम, सोडियम सरळ आत शिरतात. तिखटाचा आणि या कुळाचा संबंध नाही. कडू आणि गोड यांचा मात्र आहे. कारल्याचा कडवटपणा ओळखणारे सुमारे २५ ग्राही आणि कुंद्याचा गोडवा ओळखणारी जोडी, दोन्ही याच कुळातले. खारट आणि आंबट पुन्हा आयनमार्गांकडे जातात.

मुळात ८०० पैकी जवळजवळ निम्मे ग्राही वासाचे आहेत. जूनमध्ये कंकुंबीच्या बाजूने पहिला पाऊस येतो तेव्हा मातीचा जो वास सुटतो, तो मुख्यतः जिओस्मिन या रेणूचा असतो आणि तो मातीतले सूक्ष्मजीव तयार करतात. नाकातला या कुळाचा ग्राही तो इतक्या अल्प प्रमाणात ओळखतो की प्रयोगशाळेतले यंत्रही त्यापुढे आळशी वाटावे. वासाच्या या ग्राहींचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये लावला आणि २००४ साली त्यांना नोबेल मिळाले.

इन्सुलिनचा ग्राहीही या कुळाचा नाही. औषधवाले काकांच्या यादीत उलटीवरची ऑन्डानसेट्रॉन नाही, हे पाहून बरे वाटले, कारण सिरोटोनिनचे बाकीचे ग्राही या कुळात असले तरी ती ज्याच्यावर बसते तो नेमका आयनमार्ग आहे. परीक्षेत तिथेच मुले फसतात.

शहापूरचा माग
माझे वडील मागावर बसत आणि आई घरी वाकळा शिवत असे, त्यामुळे मला ही रचना शिवणातूनच समजली. मुलाच्या पुस्तकातील चित्र पाहिले तेव्हा मी त्याला आईची वाकळ आणून दाखवली.

पेशीचे पटल दोन पदरांचे असते, तशी वाकळ दोन पदरांची घ्या. सुईत दोरा ओवून वरून खाली टोचा, खालून वर काढा, पुन्हा खाली, असे सात वेळा करा. सात हा विषम आकडा असल्यामुळे दोऱ्याचे एक टोक वर राहते आणि दुसरे खाली. वर आलेले फास बाहेरच्या रेणूंना भेटतात आणि खालचे फास पेशीच्या आतल्या जी-प्रथिनाला. महत्त्वाचे असे की बाहेरचा रेणू वाकळीच्या पलीकडे कधीच जात नाही. वरचा फास ओढला की खालचा फास सैल होतो. निरोप जातो तो एवढाच. किल्ली जिथे बसते तिथेच काम करते, इथे रेणू वरच्या बाजूला बसतो आणि काम खाली होते, म्हणून मला कुलूप पहिल्यापासूनच खटकत आले आहे.

तिसरे गेट
सात वेळा म्हणजे सप्तपदीच की.

शहापूरचा माग
सप्तपदीत सहावे पाऊल एकदम बाहेर पडत नाही. इथे तेच होते. मलप्रभावाले सांगतीलच.

मलप्रभा उगम
सांगतो, कारण शहापूरवाल्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. २००० साली बैलाच्या डोळ्यातील ऱ्होडॉप्सिन या याच कुळातल्या ग्राहीची स्फटिकरचना प्रथम मिळाली. २००७ मध्ये ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने बीटा-२ ग्राहीची मिळवली, आणि २०११ मध्ये तोच ग्राही जी-प्रथिनाला धरून असलेल्या अवस्थेत दिसला. त्या चित्रात सहावी नागमोड, म्हणजे पटलातून जाणारा सहावा टाका, आतल्या बाजूने १४ अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे सात लाखावा भाग, बाहेर सरकलेली होती, आणि मोकळ्या झालेल्या त्या खोबणीत जी-प्रथिनाचे टोक शिरलेले होते. सगळा निरोप या सरकण्यात आहे. हा ग्राही एका जागी थांबतच नसल्यामुळे त्याचे स्फटिक होत नसत. त्यासाठी त्याच्या आतल्या फासात दुसरेच एक घट्ट प्रथिन जोडावे लागले, आणि पुढे लामा या प्राण्याच्या प्रतिपिंडाचा तुकडा लावून त्याला धरून ठेवावे लागले. २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल कोबिल्का आणि त्यांचे गुरू रॉबर्ट लेफकोविट्झ यांना मिळाले.

त्याआधीचा १९८६ चा प्रसंग मला अधिक आवडतो. बीटा ग्राहीच्या जनुकाचा क्रम हाती आला आणि तो डोळ्यातील प्रकाश टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिनसारखा निघाला. ॲड्रेनलिनने धडधडणारे हृदय आणि प्रकाश पाहणारा डोळा एकाच घराण्यातले आहेत, हे त्या दिवशी कळले.

काकतीवेस
मी तालुक्याच्या ठिकाणी रुग्ण पाहणारा डॉक्टर आहे, म्हणून अँगस्ट्रॉमपेक्षा मिलिग्रॅमची भाषा बोलतो. ताईंच्या वर्गासाठी एक उदाहरण देतो, जे शेतकऱ्यांच्या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

फवारणीचे ऑर्गॅनोफॉस्फेट औषध पोटात गेलेला रुग्ण येतो तेव्हा त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, तोंडातून लाळ वाहत असते आणि छाती पाण्याने भरल्यासारखी घुरघुरत असते. ॲसिटिलकोलीन मोडणारे विकर बंद पडल्यामुळे ते सगळीकडे साचलेले असते. आम्ही ॲट्रोपिन देत राहतो, आणि छाती कोरडी होईपर्यंत थांबत नाही. ॲट्रोपिन मस्करिनी ग्राहींवर बसते, आणि ते ग्राही याच कुळातले. पण त्याच रुग्णाचे स्नायू लुळे पडलेले असतात, त्यावर ॲट्रोपिनचा काडीचाही उपयोग होत नाही, कारण स्नायूंवरचे निकोटिनी ग्राही आयनमार्ग आहेत. रेणू तोच, ग्राहींची कुळे दोन, आणि म्हणून एकाच खाटेवर निम्मा रुग्ण सुधारताना दिसतो आणि निम्मा नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात एका रात्री छाती साफ झाली म्हणून मी निर्धास्त झालो आणि पहाटे रुग्णाचा श्वास स्नायूंच्या दुबळेपणाने थांबत आला. परिचारिकेने वेळेवर हाक मारली म्हणून तो वाचला.

घटप्रभाकाठ
डॉक्टरसाहेब, हे उदाहरण मी उद्याच घेते. माझ्या वर्गातील प्रत्येक घरात फवारणीचा पंप आहे. पण माझा दुसरा प्रश्न राहिला. संशोधक या ग्राहींचे रोज नेमके करतात काय?

मलप्रभा उगम
मी बेंगळुरूला एका प्रयोगशाळेत नेमके हेच करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

माणसाच्या शरीरातला ग्राही थेट अभ्यासणे अवघड असते, कारण एका पेशीवर अनेक प्रकारचे ग्राही मिसळलेले असतात. म्हणून ज्या पेशींवर तो ग्राही मुळात नाही अशा पेशी घेऊन त्यांत त्याचे जनुक घालतात. चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयातल्या सीएचओ पेशी आणि मानवी भ्रूणाच्या मूत्रपिंडापासून निघालेल्या हेक-२९३ पेशी ही त्यासाठीची आमची नेहमीची बैलजोडी आहे. २९३ हा आकडा काही गूढ नाही, त्या पेशी तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाचा तो २९३ वा प्रयोग होता. अशा पेशी ३८४ खळग्यांच्या पट्टीत वाढवायच्या, प्रत्येक खळग्यात वेगळे संयुग टाकायचे आणि ग्राही जागा झाला का ते पाहायचे. जी-प्रथिन कोणत्या जातीचे आहे त्यावर खूण ठरते: कुठे सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप फिरवणारा छोटा रेणू) वाढते, कुठे ते घटते, आणि कुठे पेशीत कॅल्शियम उसळून आधी घातलेला रंग चमकतो.

घटणारे मोजण्यात अडचण अशी की मुळातच कमी असलेले आणखी कमी झालेले दिसत नाही. म्हणून आधी फोर्स्कोलिन टाकून ते मुद्दाम वाढवतात. हे फोर्स्कोलिन आपल्याकडच्या कोलियस नावाच्या झुडपाच्या मुळांतून येते. कन्नडमध्ये त्याला मकंदी बेरु म्हणतात, आणि गुजरातेत त्या मुळांचे लोणचे घालतात. त्याचे गुणधर्म १९७० च्या दशकात भारतातच उघड झाले. ते ग्राहीला न विचारता सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या आतल्या विकराला थेट चालू करते. जगभरच्या प्रयोगशाळांच्या शीतकपाटात लोणच्याच्या झाडाचा हा अर्क असतो, याचे मला दर वेळी हसू येते.

याशिवाय 'अनाथ' ग्राही असतात, म्हणजे जनुक सापडले पण त्यावर कोण बसते ते माहीत नाही असे. अशाच एका अनाथाचा जोडीदार शोधताना १९९८ मध्ये ओरेक्सिन हे मेंदूतले रसायन सापडले आणि जागेपणाचा अभ्यासच बदलला. आणि डॉक्टरसाहेबांच्या त्या मस्करिनी ग्राहीत २००७ साली असे फेरफार केले गेले की तो ॲसिटिलकोलीनला दाद देत नाही, फक्त बाहेरून दिलेल्या एका कृत्रिम रेणूला देतो. तो उंदराच्या मेंदूतल्या ठरावीक पेशींत बसवला की त्या पेशी आपल्या इच्छेने जाग्या किंवा शांत करता येतात.

आजोळ कंकुंबी
आमच्या जंगलातल्या वनस्पतींचे अर्क अशा पट्ट्यांवर सरसकट तपासले तर शेकडो औषधे मिळतील, असे मला वाटते. कोणी करत का नाही?

मलप्रभा उगम
करतात, आणि मीही केले आहे, म्हणून तुमच्याशी थोडे असहमत आहे. एका सालीच्या अर्काने आमच्या पट्टीत असा सुरेख प्रतिसाद दिला की मी घरी फोन करून सांगितले. मग ग्राही नसलेल्या साध्या पेशींवर तोच अर्क टाकला, तर तिथेही तोच प्रतिसाद आला. सालीतले टॅनिन मिळेल त्या प्रथिनाला चिकटत होते. तीन महिने गेले. ग्राही नसलेल्या पेशींची ओळ पहिल्याच दिवशी लावली असती तर तीन दिवसांत कळले असते. वनस्पतींत औषध नाही असे मी म्हणत नाही. मॉर्फिन, ॲट्रोपिन दोन्ही झाडांचीच आहेत. पण अर्क म्हणजे गावजेवण असते, त्यात कोणता पदार्थ बाधला ते सांगणे कठीण.

काकतीवेस
गावजेवणाची उपमा मान्य. पण पाच रुपयांच्या ॲट्रोपिनने जेवढे जीव वाचतात तेवढे या स्फटिकांच्या चित्रांनी अजून वाचवलेले नाहीत, हेही नोंदवून ठेवा.

मलप्रभा उगम
नोंदवतो. मात्र जुनी औषधे माणसांनी ग्राही न पाहता, प्राण्यांचे अवयव कसा प्रतिसाद देतात ते पाहून शोधली. जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रानोलॉल आणि सिमेटिडिन तसेच शोधले आणि १९८८ चे नोबेल मिळवले. हृदयाला दाबणारे पण दम्याच्या रुग्णाला न बाधणारे औषध हवे असेल तर बीटा-१ आणि बीटा-२ या दोन भावंडांतला फरक दिसायला हवा, आणि औषधवाले काकांच्या मावशींना तोच नडला होता.

घटप्रभाकाठ
सगळ्यांचे आभार. वाकळ वर्गात नेली आणि ती गाजली. पण तीच मुलगी पुन्हा उभी राहिली: "वरचा फास सगळेच ओढतात तर अडवणारी गोळी का ओढत नाही?" म्हणजे रचना समजली, पण मूळ प्रश्न तसाच राहिला.

तिसरे गेट
ताई, या वेळी गंभीरपणे लिहितो. मलप्रभावाल्यांनी वर लिहिले आहे की हा ग्राही एका जागी थांबत नाही, आणि मला उत्तर तिथेच दिसते. आमच्या परसातले दार जुने आहे. पावसाळ्यात वारा सुटला की ते आपोआप उघडते आणि मिटते. उघडे असताना कोणी फटीत दगड सरकवला तर ते उघडेच राहते. मिटलेले असताना बाहेरून पाचर ठोकली तर ते मिटलेलेच राहते. आणि चौकटीत नुसते पोतेरे टाकले तर दार पूर्वीसारखे हलत राहते, पण दगडाला आणि पाचरेला जागा उरत नाही. तिन्ही वस्तू एकाच फटीत बसतात. कोणती वस्तू दाराला कोणत्या स्थितीत धरून ठेवते, एवढाच फरक.

मलप्रभा उगम
याला मी एक शब्दही जोडू इच्छित नाही, पण सवय जात नाही. काही ग्राही कोणी न बसताही थोडे काम करत असतात, म्हणजे वाऱ्याने दार अधूनमधून उघडतेच. सेटिरिझिन ही प्रत्यक्षात पाचर आहे: ती हिस्टामिनची जागा अडवते आणि शिवाय दार मिटलेल्या स्थितीत धरते. खरे पोतेरे, म्हणजे काहीच न बदलता फक्त जागा अडवणारी औषधे, तुलनेने कमी आहेत.

काकतीवेस
मग पटकीही यातच बसवा. पटकीचे विष दाराला हातच लावत नाही. ते आत जाऊन दाराजवळ बसलेल्या जी-प्रथिनालाच असे बिघडवते की ते बंद होऊ शकत नाही. आतड्याच्या पेशीत सायक्लिक एएमपी साचत जाते आणि पाणी बाहेर लोटले जाते. तिथे ग्राही अडवणारी गोळी देऊन काही होत नाही. मीठ-साखरेचे पाणी चालते, कारण साखरेबरोबर मीठ आत घेणारी वाट शाबूत असते.

घटप्रभाकाठ
आज दार, दगड, पाचर आणि पोतेरे फळ्यावर काढले. मुलगी समाधानाने बसली आणि दोन मिनिटांनी पुन्हा हात वर केला. "मॅडम, दगड लावून दार दिवसभर उघडे ठेवले तर घरात पाणी येईल. घरातले लोक काहीच करणार नाहीत का?"

निपाणीचा औषधवाला
करतात, ताई, आणि याचे उत्तर माझ्याकडे आहे. ग्राही फार वेळ जागा राहिला की पेशी त्याच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेटच्या खुणा करते, त्या खुणांवर ॲरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन बसते आणि जी-प्रथिनाची वाट अडते. तरीही निरोप थांबला नाही तर पेशी तो ग्राहीच आत ओढून घेते, म्हणजे घरातले लोक दार बिजागरीसकट काढून माळ्यावर ठेवतात. महिन्यात एका पंपाऐवजी तीन पंप नेणारे गिऱ्हाईक आले की मी म्हणूनच हात आखडतो आणि आधी डॉक्टरांकडे पाठवतो. त्यांची दारे माळ्यावर जाऊ लागलेली असतात आणि आतली सूज तशीच असते. तिच्यासाठी दुसरा, स्टिरॉइडचा पंप लागतो. वर लिहिलेल्या मावशी आता तो रोज सकाळी ओढतात आणि चूळ भरतात. साल्ब्युटामॉलचा निळा पंप त्यांना या महिन्यात अजून लागलेला नाही.